सोसायटीसाठी सीसीटीव्ही घेताना: कोटेशनमधल्या गुळगुळीत शब्दांना आकडा कसा विचारायचा

सर्वसाधारण सभेत ठराव झाला, खर्चाची मर्यादा ठरली आणि नव्या कमिटीच्या टेबलावर तीन कोटेशनं येऊन पडली. एकात ‘१६ नग फोर-के एआय कॅमेरा, मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन’. दुसऱ्यात ‘स्टारलाइट स्मार्ट सर्व्हेलन्स सोल्युशन’. तिसऱ्यात ‘नाइट व्हिजन, वॉटरप्रूफ, ३० डेज बॅकअप, हॅकप्रूफ’. किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक, आणि कशाची तुलना कशाशी करायची तेच कळत नाही. कळू नये अशीच ती भाषा बेतलेली असते.

मुंबईतल्या हाउसिंग सोसायटीच्या नव्या सेक्रेटरी-खजिनदारांना हे कोटेशन सोडवून वाचता यावं, यासाठी हा लेख. पद्धत एकच आहे. शब्द दिसला की त्याचा आकडा मागा, आकडा मिळाला की तो आपल्याच आवारात तपासा आणि तपासलेला आकडा कोटेशनवर लिहून घ्या. ‘हो साहेब, सगळं येतं यात’ हे तोंडी उत्तर धरू नका.

सुरुवातीला एवढं जवळ ठेवा:

- आवाराचा नकाशा (हातानं काढलेला चालेल) आणि २० मीटरची टेप
- कोटेशनमधल्या प्रत्येक वस्तूचा पूर्ण मॉडेल नंबर आणि कंपनीच्या वेबसाइटवरून स्वतः उतरवलेली डेटाशीट, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रक (विक्रेत्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नको)
- मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ अॅप
- ठरावाची प्रत आणि मंजूर रक्कम
- कॅल्क्युलेटर आणि एक पेपर-कटर. कटर कशाला ते आठव्या पायरीत.

१. ‘फोर-के’, ‘अल्ट्रा एचडी’: आधी टेप, मग कोटेशन

फोर-के म्हणजे चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके (पिक्सेल), साधारण ८ मेगापिक्सेल. ‘टू एमपी’ म्हणजे १९२० × १०८०. चेहरा कळेल की नाही हे या आकड्यावर एकट्यावर ठरत नाही. तेवढे ठिपके किती मीटर रुंदीवर पसरलेत, ते पाहावं लागतं. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्याचं मोजमाप दिलेलं आहे:

- मीटरला २५ पिक्सेल: कुणीतरी आहे, एवढं कळतं
- मीटरला सुमारे ६२: कपडे, हातातली वस्तू, काय चाललंय ते दिसतं
- मीटरला १२५: ओळखीचा माणूस असेल तर ओळखू येतो
- मीटरला २५०: अनोळखी माणसाचीही ओळख पटवता येते

गणित सोपं आहे. आडवे पिक्सेल भागिले चित्रात दिसणारी रुंदी. समजा गेट चार मीटर रुंद आहे. त्यापासून चार मीटरवर, ६ मिमी लेन्सचा साधा टू एमपी कॅमेरा लावला, तर चित्राची रुंदी साधारण गेटाएवढीच येते. १९२० भागिले ४, म्हणजे मीटरला ४८०. उत्तम. आता त्याच गेटासाठी त्याच्या कितीतरी पट महाग फोर-के कॅमेरा घेतला, पण तो २.८ मिमी लेन्सचा आणि बारा मीटर मागे पहिल्या मजल्याच्या स्लॅबला टांगलेला. चित्रात सुमारे ३१ मीटरचा पट्टा येतो. ३८४० भागिले ३१, म्हणजे जेमतेम १२४. फुटेजमध्ये आपला वॉचमन ओळखू येईल, चोर नाही.

म्हणून विक्रेत्याला बोलवण्याआधी कमिटीतले दोघं टेप घेऊन आवारात फिरा. नकाशावर प्रत्येक जागी फक्त काम लिहा: ‘नजर ठेवणं’, ‘ओळखणं’, ‘ओळख पटवणं’. दोन विंगच्या सोसायटीत ओळख पटवण्याच्या जागा सहसा चार-पाचच निघतात: गेट, दोन्ही लॉबी, लिफ्ट. गच्चीच्या दाराला, पंप रूमला, स्टिल्ट पार्किंगला त्याहून कमी पुरतं. कोटेशनमध्ये प्रत्येक कॅमेऱ्यापुढे लेन्स किती मिमीची ते लिहून घ्या. गेटासाठी २.८ ते १२ मिमीची व्हेरिफोकल लेन्स मागितलीत तर जागेवर चौकट जुळवता येते. ‘१६ एक्स झूम’ लिहिलं असेल तर तो ऑप्टिकल की डिजिटल, हे विचारा. डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठं करणं, ते मोबाइलवर दोन बोटांनीही होतं.

नंबर प्लेटचं प्रकरण वेगळं. मोटारीची हाय सिक्युरिटी प्लेट ५०० मिमी लांब असते. मीटरला २५० पिक्सेल धरले तर तिच्यावर १२५ ठिपके पडतात, वाचता येते. स्कूटरची मागची प्लेट २०० मिमीची, तीही दोन ओळींत. तिथे ५० ठिपके उरतात. ‘सगळ्या गाड्यांचे नंबर दिसतील’ म्हणणाऱ्याला आधी स्कूटर दाखवायला सांगा.

२. मॉडेल नंबर नसलेली ओळ खोडा

‘नामांकित कंपनीचा बुलेट कॅमेरा’ ही वस्तू नव्हे. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत एकाची बॉडी धातूची, दुसऱ्याची प्लॅस्टिकची असते, आणि फरक मॉडेल नंबरच्या शेवटच्या दोन अक्षरांत लपलेला असतो. पूर्ण नंबर मिळाला की लॅमिंग्टन रोडवरच्या दोन दुकानांत सुटा भाव विचारून या. घासाघीस त्यानंतर.

रेकॉर्डरच्या बाबतीत दोन जागी पाय घसरतो. पहिली म्हणजे ‘लाइट’ किंवा ‘एन’. डीव्हीआरवर (जुन्या पद्धतीच्या अॅनालॉग कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) ‘१०८०-एन’ लिहिलं असेल तर तो ९६० × १०८० रेकॉर्ड करतो. आडवे ठिपके निम्मे झाले, म्हणजे पहिल्या पायरीतलं सगळं गणितही निम्म्यावर आलं. दुसरी म्हणजे ‘फोर-के सपोर्टेड’ एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर). डेटाशीटमध्ये ‘इनकमिंग बँडविड्थ’ ही ओळ शोधा. १६ चॅनलच्या, म्हणजे १६ कॅमेऱ्यांच्या, एनव्हीआरची ती ८० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) असेल, तर कॅमेऱ्यामागे ५ येतात. सोळाच्या सोळा फोर-के कॅमेरे त्यात कोंबले की चित्राचा दर्जा उतरवावा लागतो, आणि इन्स्टॉलर तो न सांगता उतरवतो.

‘अप टू’ हा शब्द जिथे असेल तिथे किमान किती ते विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येत नाही, ओळ खोडली जाते. तेही चांगलंच.

३. ‘स्टारलाइट’, ‘नाइट व्हिजन’, ‘कलर नाइट’

या तिन्ही शब्दांना सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एकच व्याख्या नाही. डेटाशीटमध्ये ‘०.००१ लक्स’ छापलेलं असतं. लक्स हे उजेडाचं माप. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड लक्सच्या एक-दोन दशांशांत मोजला जातो, म्हणजे हा कॅमेरा जणू अमावास्येलाही पाहतो! पण हा आकडा कोणत्या शटरवर मोजला? कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा एक तृतीयांश भाग उघडं ठेवलं तर अंधारातही चित्र उजळतं, मात्र चालणारा माणूस तेवढ्यात जवळपास अर्धा मीटर पुढे सरकलेला असतो. भिंत सुरेख दिसते, माणसाचं भूत होतं. म्हणून विचारायचं ते असं: शटर १/२५ किंवा त्याहून जलद, लेन्सचा एफ-नंबर (ती किती उजेड आत घेते तो आकडा) किती, आणि त्यावर लक्स किती.

गाड्यांसाठी १/२५ सुद्धा पुरत नाही. ताशी २० किलोमीटरनं आत येणारी गाडी तेवढ्या वेळात २२ सेंटिमीटर सरकते. शटर १/५०० केलं की हे सरकणं सेंटिमीटरभरावर येतं, पण मग उजेड जास्त लागतो. त्यातून या प्लेट परावर्तक असतात. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड दिवा थेट पडला की पांढरा चौकोन दिसतो, आकडे गायब. गेटावर नंबर हवेच असतील तर त्यासाठी वेगळा कॅमेरा धरा. चेहरा आणि प्लेट दोन्ही एकाच कॅमेऱ्यात रात्री नीट येतील, या आश्वासनावर विसंबू नका.

‘आयआर ३० मीटर’ म्हणजे तिथवर दिव्याचा उजेड कसाबसा पोचतो, चेहरा तिथवर कळेल असं नाही. आणि मुंबईत इन्फ्रारेडचे दोन खास शत्रू: पावसाच्या सरी आणि कोळ्याची जाळी. दिव्याची ऊब आणि भोवती जमणारे किडे यामुळे कोळी तिथेच जाळं विणतो, उजेड जाळ्यावर आदळून परत येतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. महिन्यातून एकदा मऊ कुंचल्यानं काच पुसणं हे देखभालीच्या करारात लिहून घ्या. हास्यास्पद वाटेल, पण रात्रीचं चित्र खराब असल्याची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

लॉबीच्या दारात ऊन समोरून येत असेल तर ‘डब्ल्यूडीआर’ लागतो, म्हणजे लख्ख उजेड आणि सावली एकाच चित्रात नीट दाखवण्याची सोय. तिथे ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ चालत नाही. ते सॉफ्टवेअरनं उजळवणं असतं. डेटाशीटमध्ये ‘ट्रू डब्ल्यूडीआर, १२० डीबी’ असं लिहिलेलं हवं.

ऑर्डर देण्याआधी एक कॅमेरा एका रात्रीसाठी गेटावर लावून मागा. आवारातले दिवे रोजच्यासारखे, एक माणूस रोजच्या वेगानं चालतोय, असं रेकॉर्डिंग करून ते थांबवून बघा. शोरूममधला डेमो म्हणजे पाण्यातली म्हैस.

४. ‘एआय’

या दोन अक्षरांखाली सध्या चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात, म्हणून इथे घाई करू नका.

सगळ्यात स्वस्त ‘एआय’ म्हणजे जुनं मोशन डिटेक्शनच: चित्रातले ठिपके बदलले की घंटा. झाडाची फांदी हलली, मांजर गेलं, हेडलाइट भिंतीवरून फिरला, घंटा. सेक्रेटरी दोन रात्रींत सूचना बंद करून टाकतात आणि मग खऱ्या प्रसंगीही त्या बंदच असतात. दुसरा प्रकार माणूस आणि वाहन वेगळं ओळखणारा. सोसायटीला खरोखर उपयोगी पडतो तो हाच: रात्री १२ ते ५ कंपाउंडच्या भिंतीवरून माणूस आला तरच सूचना. तिसरा चेहरा ओळखणारा, चौथा नंबर प्लेट वाचणारा.

तेव्हा पहिला प्रश्न: चारांपैकी कोणतं? दुसरा: ते कॅमेऱ्यात चालतं की एनव्हीआरमध्ये? एनव्हीआरमध्ये असेल तर किती चॅनलवर एकाच वेळी? पेटीवर ‘१६ चॅनल एआय एनव्हीआर’ छापलेलं असतं आणि डेटाशीटच्या तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, चेहरा ओळख फक्त एक-दोन चॅनलवर चालते असं निघतं. तिसरा प्रश्न: वर्षाला लायसन्सचे पैसे आहेत का? पहिलं वर्ष फुकट असेल तर दुसऱ्या वर्षाचा आकडा आजच्या कोटेशनवर हवा.

‘९९ टक्के अचूक’ म्हटलं की हा हिशेब करा. शंभर फ्लॅट, चारशे माणसं, प्रत्येकाच्या दिवसाला चार फेऱ्या: सोळाशे वेळा ओळखायचं. त्यातले एक टक्का चुकले तर रोज सोळा चुका. चूक दोन प्रकारची असते: आपल्या माणसाला अडवणं आणि परक्याला आत घेणं. दोन्हींचे दर वेगळे छापलेले हवेत, कारण यंत्राची सेटिंग सैल केली की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. एकच टक्केवारी देणारा विक्रेता यातलं काहीच सांगत नसतो. चेहऱ्यासमोर मोबाइलवरचा फोटो धरला तर काय होतं, ते समोरच करून पाहा. या चाचणीचं मानक आयएसओ/आयईसी ३०१०७-३. त्याचा अहवाल असेल तर मागा.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. शस्त्र ओळखणारे एआय स्कॅनर शाळांना विकणाऱ्या इव्हॉल्व्ह या कंपनीवर, स्कॅनरच्या क्षमतेबद्दल खोटे दावे केल्याच्या आरोपावरून, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नोव्हेंबर २०२४ मध्ये कारवाई केली. पुराव्याशिवाय असे दावे करायचे नाहीत, या अटीवर प्रकरण मिटलं.

साठ-सत्तर फ्लॅटच्या सोसायटीला चेहरा ओळख लागत नाही, हे आमचं स्पष्ट मत. ते पैसे गेटावरच्या दिव्याला आणि यूपीएसला घाला.

५. ‘३० दिवसांचं बॅकअप’

एक सूत्र पाठ करा: एमबीपीएस गुणिले १०.८ म्हणजे दिवसाला जीबी. कॅमेरा २ एमबीपीएसवर चालला तर दिवसाला २१.६ जीबी, सोळा कॅमेऱ्यांचे ३४५.६ जीबी. कोटेशनमध्ये ४ टीबीची हार्ड डिस्क असेल तर ती साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. तीस दिवसांना साडेदहा टीबीच्या आसपास, म्हणजे व्यवहारात १२ टीबी.

मग ‘३० दिवस’ आले कुठून? एकतर हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग धरलेलं असतं, नाहीतर ‘८० टक्के जागा वाचवणारा’ स्मार्ट कोडेक, म्हणजे चित्र दाबून लहान करणारी पद्धत. ही बचत रिकाम्या जिन्यात होते. गेटावर, पावसात, रात्रीच्या ठिपकेदार चित्रात ती बरीच आटते. कोटेशनवर असं लिहून घ्या: ‘सर्व कॅमेरे, चोवीस तास सलग, पूर्ण रिझोल्यूशन, सेकंदाला १५ फ्रेम, किमान ३० दिवस’. डिस्क सर्व्हेलन्ससाठी बनवलेली हवी. डेस्कटॉपची डिस्क चोवीस तास लिहिण्याच्या कामाची नसते. एनव्हीआरमध्ये डिस्कच्या जागा किती आणि एका जागेत कमाल किती टीबी चालते, तेही पाहा.

६. ‘मिलिटरी ग्रेड’, ‘हॅकप्रूफ’, ‘एंड-टू-एंड’

‘मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन’ म्हणजे जवळजवळ नेहमी एईएस-२५६ ही माहिती सांकेतिक करण्याची पद्धत. एईएस हे अमेरिकेच्या मानक संस्थेनं २००१ मध्ये जाहीर केलेलं खुलं मानक. २००३ मध्ये तिथल्या सरकारनं गोपनीय माहितीसाठी त्याला मान्यता दिली, तिथून हा बिल्ला निघाला. तुमचा ब्राउझर, बँकेचं अॅप, घरचा वायफाय राउटर, सगळे तेच वापरतात. म्हणजे दावा खोटा नाही, फुकाचा आहे. कुलूप भक्कम, पण चावी कुणाच्या खिशात?

मुंबईत ती चावी बहुतेक वेळा इन्स्टॉलरच्या खिशात असते, अगदी शब्दशः. बसवताना तो आपल्या मोबाइलवरून क्यूआर स्कॅन करतो आणि एनव्हीआर त्याच्या खात्याला जोडला जातो. कमिटीला फक्त ‘शेअर’ मिळतं. पुढे करार संपला, भांडण झालं, तरी तो घरबसल्या तुमची लॉबी पाहू शकतो. उपाय: सोसायटीच्या नावानं ईमेल काढा, त्यावर खातं उघडा, क्यूआर सेक्रेटरींच्या फोनवरूनच स्कॅन होऊ द्या. अॅडमिनचा पासवर्ड कमिटीनं टाकायचा, लिफाफ्यात घालून दप्तरात ठेवायचा. कमिटी बदलली की तो बदलायचा.

‘हॅकप्रूफ’ या शब्दाची किंमत २०१६ मध्ये कळली होती. मिराय नावाच्या मालवेअरनं कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक यूजरनेम-पासवर्ड टाकून पाहत लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीच्या सर्व्हरवर झालेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. म्हणून हे लेखी मागा:

- पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलणं सक्तीचं आहे का
- या मॉडेलला फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार
- राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (बाहेरच्या इंटरनेटवरून थेट आत येण्याच्या वाटा) बंद ठेवणार का
- लॉगिनला ओटीपी किंवा तत्सम दुसरी पायरी आहे का

‘एंड-टू-एंड’ म्हणजे चित्र फक्त तुम्हालाच उघडता येतं, मधल्या कुणालाही नाही. तसं म्हटलं तर एकच प्रश्न: कंपनीच्या सर्व्हरवर आमचं चित्र कुणाला उघडता येतं? ‘आमच्या सपोर्ट टीमला, फक्त गरज पडली तर’ असं उत्तर आलं, म्हणजे ते एंड-टू-एंड नाही. आणि स्मार्ट लॉकवर ‘अनब्रेकेबल’ दिसलं तर टॅपलॉकची आठवण ठेवा. याच विशेषणानं विकल्या गेलेल्या त्या कुलपाचं मागचं झाकण फिरवून काढलं की ते उघडत होतं. २०२० मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं त्यावरही कारवाई केली.

७. ‘क्लाउड’

कोटेशनमधलं ‘क्लाउड’ बहुतेकदा मोबाइलवर लांबून पाहण्याची सोय एवढंच असतं. फुटेज वॉचमनच्या केबिनमधल्या डब्यातच राहतं आणि डबा चोरीला गेला की तेही जातं. खरंच क्लाउडवर साठवायचं म्हटलं तर सोळा कॅमेऱ्यांना ३२ एमबीपीएसचा अपलोड सतत लागतो, महिन्याला दहा टीबीच्या वर. अनेक घरगुती ब्रॉडबँड प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा ३.३ टीबीच्या आसपास असते. त्यापेक्षा गेट आणि लॉबीचे तीन-चार कॅमेरे क्लाउडवर ठेवा, बाकीचे एनव्हीआरवर. एनव्हीआर कुलूपबंद कपाटात, केबिनच्या बाहेर.

८. ‘वॉटरप्रूफ’, ‘प्युअर कॉपर’

आयपी६६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि जोराच्या फवाऱ्याला टिकतं. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी टिकतं. दोन्ही चाचण्या वेगळ्या आहेत, ६७ आहे म्हणून ६६ आपोआप येत नाही. मुंबईच्या आडव्या पावसासाठी ६६ महत्त्वाचं. दोन्ही छापलेले असतील तर सोन्याहून पिवळं. हात पोचेल अशा उंचीवरच्या कॅमेऱ्याला आयके१० पाहा, तो २० ज्यूलचा तडाखा सोसतो.

पण हे सगळं कॅमेऱ्याच्या डब्याला लागू. पाणी शिरतं ते मागच्या शेपटीच्या जोडातून. तो जोड उघडा भिंतीवर लोंबत ठेवला की एका पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात. वरळी-वर्सोव्यासारख्या खाऱ्या हवेत त्याहून लवकर. कोटेशनमध्ये प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्याला जंक्शन बॉक्स आणि केबल ग्लँड वेगळे लिहिलेले हवेत. बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब तिथूनच गळतो.

आता पेपर-कटर. केबलच्या खोक्यावर ‘कॅट-६’ आणि ‘कॉपर’ ठळक असतं, कोपऱ्यात ‘सीसीए’. म्हणजे अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एक तार सोलून पात्यानं खरवडा. आत पांढरट दिसलं तर माल परत. केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज जाते तेव्हा अशा तारेत व्होल्टेज जास्त पडतं आणि लांबचे कॅमेरे नेमके रात्री, दिवे लागल्यावर, बंद-चालू होतात. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर. केबल जिथे जोडतात त्या नेटवर्क स्विचच्या प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट मिळतात की ३०, हेही पाहा. फिरत्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा १५ पुरत नाहीत.

९. प्रमाणपत्रांची माळ

ब्रोशरच्या तळाशी सात-आठ गोल शिक्के असतात. आयएसओ ९००१ आणि आयएसओ २७००१ ही संस्थेच्या कामकाजाची प्रमाणपत्रं आहेत, कॅमेऱ्याची नव्हेत. ‘एनडीएए कम्प्लायंट’ हा अमेरिकेच्या सरकारी खरेदीच्या कायद्याचा संदर्भ आहे, भारतातली मंजुरी नव्हे. ऑनव्हिफ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत यासाठीचं मानक. ‘ऑनव्हिफ सपोर्ट’ लिहिलं असेल तर ऑनव्हिफच्या वेबसाइटवरच्या यादीत ते मॉडेल शोधा. यादीत असेल तर पुढे दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डर जोडता येण्याची शक्यता बरीच.

आपल्याला लागतो तो बीआयएसचा ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून नाव आणि मॉडेल जुळतंय का पाहा. ‘कंपनी बीआयएस अप्रूव्ह्ड आहे’ हे उत्तर नव्हे, नोंदणी मॉडेलनिहाय असते. सीसीटीव्हीच्या सायबर सुरक्षेच्या किमान अटी केंद्र सरकारनं २०२४ च्या अधिसूचनेनं आणल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्या लागू आहेत. फार स्वस्तात काही मिळत असेल तर माल त्याआधीचा आहे का, हे विचारा आणि बिलावर निर्मितीचा महिना लिहून घ्या.

१०. ‘एन्क्रिप्टेड’ टॅग

लॉबीच्या दाराचे टॅग १२५ किलोहर्ट्झचे असतील तर त्यांची नक्कल चावीवाल्याकडेही मिनिटभरात होते. त्यात एन्क्रिप्शन नसतंच. १३.५६ मेगाहर्ट्झ म्हटलं की बरं वाटतं, पण त्यातल्या मायफेअर क्लासिक या कार्डाचं एन्क्रिप्शन २००८ पासून फुटलेलं आहे. डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ कार्ड मागा, आणि कार्ड वाचताना रीडर फक्त नंबर वाचतो की आतली किल्ली तपासतो, हेही विचारा. महाग कार्डाचा नुसता नंबर वाचणारे रीडर सर्रास बसवले जातात.

पाहुण्यांची नोंद करणारं अॅप सोबत ‘फ्री’ मिळत असेल तर घरकामाच्या बायकांचे, डिलिव्हरीच्या पोरांचे फोटो-नंबर कुठे साठतात आणि किती दिवसांनी पुसले जातात, ते लेखी घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हातात धरून हा प्रश्न विचारला की विक्रेता जरा सावध उत्तर देतो.

११. ‘कोर्टात चालणारं फुटेज’

असा कॅमेरा नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा आकडा) लिहायचं असतं. आपल्या हातात एवढंच: एनव्हीआरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं ठेवणं, प्रसंग घडला की पुसलं जाण्याआधी मूळ स्वरूपात फाइल काढणं, आणि कुणी, कधी, कशावर काढली याची वहीत नोंद.

१२. ऑर्डर आणि पैसे

हे सगळं झाल्यावर मूळ ओळ अशी दिसायला हवी. ‘१ नग फोर-के एआय वॉटरप्रूफ कॅमेरा’ जाऊन त्या जागी: ‘गेट, आत येणाऱ्यांसाठी. मॉडेल नंबर अमुक, ४ एमपी, लेन्स २.८–१२ मिमी, चार मीटर रुंदीवर मीटरला किमान २५० पिक्सेल, ट्रू डब्ल्यूडीआर १२० डीबी, आयपी६६, जंक्शन बॉक्ससह, माणूस-वाहन ओळख कॅमेऱ्यातच, लायसन्स शुल्क नाही.’ तिन्ही विक्रेत्यांकडून याच मसुद्यावर दर मागवा. आता तुलना होते.

‘लाइफटाइम वॉरंटी’ला वर्षं विचारा. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सुट्या भागांसह, आहे की नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह असली तरी हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय आणि विजेच्या झटक्यानं झालेलं नुकसान वगळलंय का, ते बारीक अक्षरांत बघा. लेखी दिलेला दावा खोटा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. म्हणूनच ब्रोशर आणि कोटेशनची मूळ प्रत दप्तरात फाइल करा.

पैसे तीन टप्प्यांत: ऑर्डरला ४० टक्के, बसवून रात्रीची चाचणी झाली की ४०, उरलेले २० राखून ठेवा. काम पूर्ण झाल्यावर एकतिसाव्या दिवशी एनव्हीआरसमोर बसा, प्रत्येक कॅमेऱ्याचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं आहे ते लिहा, आणि मेन स्विच दहा मिनिटं बंद करून यूपीएसवर काय काय चालू राहतं ते बघा. यादी जुळली की शेवटचा चेक.